घळीतला फोटो

नवीन पनवेल
मंगळवार, सकाळी साडेदहा

प्रिय मालूताई,

तुमच्या विचुंब्याला रिक्षाने यायला मला पंधरा मिनिटं लागतात आणि तरी मी पत्र लिहायला बसले आहे, याचं तुम्हाला हसू येईल. या पंधरवड्यात मी दोनदा निघाले होते. पहिल्यांदा तुमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आले, तुम्ही अंगणात पाणी मारताना दिसलात, आणि मी रिक्षावाल्याला म्हटलं, राहू दे, मागे फिरव. दुसऱ्यांदा स्टेशनजवळूनच परतले. मला बोलता येत नाही असं नाही. एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, बोलण्याचीच भाकरी खाल्ली. पण तुमच्यासमोर बसलं की तुम्ही आधी पाणी देणार, मग चहा टाकणार, मग "जेवल्याबिगर नाय जायाचं" म्हणून माझी पर्स उचलून आतल्या खोलीत ठेवणार. मी पोटभर जेवून घरी येणार आणि जे सांगायचं ते तसंच राहणार. म्हणून लिहिते. अक्षर मुद्दाम मोठं काढलं आहे. हे पत्र तुमच्या सुनेला, रंजिताला, वाचून दाखवायला सांगू नका. ती चांगली आहे, पण हे तुम्ही एकटीनेच वाचायचं आहे.

पहिली गोष्ट सरळच सांगते. मला तुमचा हेवा वाटतो. आपण विहिणी झाल्या दिवसापासून वाटतो असं म्हणणार नाही. लग्नात तर मी तुमच्याकडे जरा वरूनच बघत होते, आणि ते तुमच्या लक्षातही आलं असणार. आम्ही नोकरदार, पुस्तकांची कपाटं असलेल्या घरातली माणसं. तुमची भाताची शेतं आणि आता त्या शेतांच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारती. माझ्या देवेशने तुमच्या मितालीला पसंत केलं तेव्हा मुलगी इंजिनीअर आहे, हसरी आहे, एवढंच मी धरून ठेवलं आणि बाकीकडे डोळेझाक केली. हेवा सुरू झाला तो आभा जन्मली तेव्हा. पहिलं बाळंतपण माहेरचं, ही रीत तुम्हाला मीच बोलून दाखवली, अगदी मोठ्या मनाने. आतून वाटत होतं की ही बाई कसली जाते अमेरिकेला, विमानात बसायलाच घाबरेल आणि शेवटी जावं मलाच लागेल. तुम्ही गेलात. एकट्या गेलात, बॅगेत डिंक, बाळंतशोपा आणि सुकट घेऊन. विमानतळावरच्या अधिकाऱ्याने सुकटीचं पुडकं उघडून नाक धरलं, तर तुम्ही त्याला "फिश, माय डॉटर, बेबी" एवढं सांगून बाहेरही पडलात. हा किस्सा देवेश अजून लोकांना सांगतो. माझा एकही किस्सा तो कुणाला सांगत नाही.

मग आपल्या पाळ्या ठरल्या. नोव्हेंबर ते एप्रिल तुम्ही, मे ते ऑक्टोबर मी. मुलं दोघंही नोकरीवर, पोर पाळणाघरात जायला नको, आणि आपल्याला एका वेळी सहाच महिने राहता येतं, तेव्हा तेच सोयीचं होतं. फिनिक्सच्या त्या घरात आपण दोघी चार वर्षं राहिलो आणि एकदाही एकत्र राहिलो नाही. तुम्ही इकडे उतरलात की मी तिकडे चढायची. पण दर मे महिन्यात माझा पहिला आठवडा तुमचं घर मोडण्यात जायचा. साखरेच्या डब्यात मीठ, खिडकीखाली चटई, बाथरूममध्ये तेलाची वाटी, गॅसशेजारी खाली बसायचा पाट. मी एकेक उचलून आपल्या पद्धतीने लावायची आणि आभा मागे मागे फिरत म्हणायची, "ते नको काढू, ते आयचं हाय." तुम्ही तिची आय. मी कोण, तर पनवेल आजी. आता विचुंबे आणि पनवेल यांच्यात अंतर ते किती. पण तिच्या लेखी तुम्ही माणूस होतात आणि मी एक गाव. नुसतं आजी म्हण, असं मी तिला शंभरदा सांगितलं असेल. ती म्हणायची, "हां, पनवेल आजी." आणि तिचं ते हाय आणि नाय. ॲरिझोनात जन्मलेली पोरगी, तिला मी दिवसभर 'आहे' म्हण, 'नाही' म्हण असं घोकवायची. ती सगळं ऐकून घ्यायची आणि झोपताना "मना झोप येत नाय" म्हणून भिंतीकडे तोंड करायची. साठ साठ मुलांचे वर्ग मी सांभाळले, पण हिच्यापुढे हात टेकले.

या सगळ्यावर कडी केली त्या फोटोने. तुम्हाला कोणता ते सांगायला नको. तुमच्या दिवाणखान्यात टीव्हीच्या वर तुमच्या मुलाने, प्रणितने, कॅलेंडरएवढा करून लावला आहे, आणि तिकडे फिनिक्सला तो फ्रिजच्या दारावर आहे. वाळवंटातली ती अरुंद घळ, तांबड्या-नारिंगी दगडांच्या भिंती, वरून खाली आलेला उन्हाचा एकच सरळ झोत, आणि त्या झोतात तुम्ही. अंगावर शाल, डोक्याला कानटोपी, कडेवर आभा. दोघी तोंड उघडून वर बघताय. यंदाच्या एप्रिलमध्ये, तुम्ही परत यायच्या आधी आठ दिवस, मुलांनी तुम्हाला तिथे नेलं होतं. मी तो पहिल्यांदा तुमच्या स्टेटसवर पाहिला, इथे, आमच्या गच्चीत कपडे वाळत घालताना. मग मी त्या जागेची सगळी माहिती काढली. अँटिलोप कॅनियन नाव, फिनिक्सहून साडेचार तास, जमीन तिथल्या मूळच्या नवाहो लोकांची, त्यांचा गाईड सोबत असल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही, आणि तो झोत पडतो तो उन्हाळ्याच्या दिवसांत, भर दुपारी, थोडाच वेळ. तुम्हाला विचारलं कसं होतं, तर म्हणालात, "दगडच हायेत, पन ऊन लय भारी पडतं." तुम्ही काही न वाचता जाऊन आलात. मला चार वर्षांत देवेशने दोनदा देवळात नेलं होतं आणि बाकी वेळा दुकानात.

यंदा मी तिकडे पोचले त्याच दिवशी कळलं की मितालीला दिवस गेले आहेत, डिसेंबरच्या मध्याला बाळ येईल. मालूताई, मला बाळाचा आनंद झाला, पण त्याच्याही आधी मनात हिशेब झाला की डिसेंबर म्हणजे तुमची पाळी. हात धुऊन मी जेवणाच्या टेबलाशी बसले आणि म्हटलं, दुसरं बाळंतपण सासरचं असतं. मिताली म्हणाली, आईला विचारते. तिने तिथूनच फोन लावला आणि तुम्ही एका दमात म्हणालात, "बरोबर हाय, रीतच हाय ती. विहीणबायना सांग, खुशाल ऱ्हावा." तुम्ही भांडला असतात तर मला बरं वाटलं असतं. इतक्या सहज सोडलंत त्याचाही मला राग आला, म्हणजे बघा. ठरलं असं, की ऑक्टोबरमध्ये मी परत यायचं, महिनाभर इथे थांबून नोव्हेंबरच्या शेवटी पुन्हा जायचं, आणि तुमची पाळी यंदा नाही. पहिल्या नातीचं सगळं तुमच्या हातून झालं होतं, पहिली आंघोळ, पहिलं हसू, पहिला शब्द. या बाळाचं तरी माझ्या हातून व्हावं, त्याने डोळे उघडून आधी मला बघावं, एवढं एकच मला हवं होतं.

आता पुढचं लिहिते. आभा रोज सकाळी उठली की विचारायची, आय कधी येणार. बोटं पुढे करायची, मोजून दाखव म्हणून. पहिले आठ-दहा दिवस मी येईल येईल म्हणत राहिले. मग एका सकाळी तिच्या केसांना तेल लावत होते. तिने माझा हात बाजूला केला आणि म्हणाली, "असं नाय. आय करते तसं कर." तुम्ही कसं करता ते मला कसं माहीत असणार. मी वाटी खाली ठेवली आणि तिला म्हटलं, आय आता येणार नाही. आता मीच. रागाने नाही म्हटलं, चांगलं शांतपणे म्हटलं, म्हणूनच ते जास्त वाईट. तिने माझ्याकडे पाहिलं, मान हलवली आणि त्यानंतर पुन्हा कधी विचारलं नाही. मला वाटलं, सुटले. तुमचा फोन यायचा तेव्हा, ती झोपली आहे, बागेत गेली आहे असं मी तुम्हाला सांगायची. त्यातल्या निम्म्या वेळा ती माझ्यासमोर ठोकळे लावत बसलेली असायची. मिताली तुमच्याशी बोलायची ती ऑफिसला जाताना गाडीतून, त्यामुळे तिला यातलं काही कळलं नाही.

आणि मग मी देवेशच्या मागे लागले. मला त्या घळीत जायचं आहे. जायचं तर त्याच कंपनीच्या व्हॅनने, त्याच दुपारच्या वेळेला. देवेश म्हणाला, आई, जूनमध्ये तिकडे फार तापतं, सप्टेंबरात जाऊ. मी म्हटलं, झोत नसला तर जाऊन काय करू. त्याने सुट्टी काढली. मितालीला उलट्यांचा त्रास होता, ती घरी राहिली. आदल्या दिवशी मी आभाला सांगितलं, आपण फोटोतल्या जागी जायचं आहे. मालूताई, ती इतकी खूश झाली की काय सांगू. तिने स्वतःची छोटी सॅक काढली आणि दार लावून भरली, मला बघूही दिली नाही. मी तिखटमिठाच्या पुऱ्या करता करता ऐकत होते आणि मनात म्हणत होते, बघ, माझ्याबरोबर जायचं म्हणून किती उत्साह आहे. पहाटे पाचला फिनिक्समधल्याच एका हॉटेलच्या पार्किंगमधून व्हॅन निघाली. मी इरकल नेसले होते, पायात देवेशचे जुने बूट. सगळ्या वाटेत पोर रडली नाही, झोपली नाही, खिडकीला नाक लावून बसली होती. व्हॅनचा ड्रायव्हर आमच्याकडे वळून म्हणाला, एवढं शहाणं मूल आमच्या सहलीत पहिल्यांदाच आलं. मी देवेशला म्हटलं, ऐकलंस ना.

तिथे पोचलो तर ऊन असं की बोलवत नव्हतं. आमच्या गटाला मिळालेली गाईड पन्नाशीची बाई होती, हातात चांदीची रुंद कडी, बोलायला कमी. तिने आधीच सांगितलं, आत पिशवी न्यायची नाही, पाणी आणि फोन फक्त. मी आभाची सॅक काढायला गेले तर तिने ती दोन्ही हातांनी आवळून धरली. देवेशने समजावून उघडली. आत काय होतं सांगू? तुम्ही कपाटात विसरलेली लोकरीची कानटोपी, तुमचे पायमोजे, रुमालात गुंडाळलेली तीन बिस्किटं. मी म्हटलं, अगं, या उन्हात कानटोपी कशाला. ती रडायला लागली आणि म्हणाली, "आत थंडी हाय. थंडी वाजते." मला वाटलं, हट्ट. वर्गात अशा हट्टाला मी थारा द्यायची नाही, तसा इथेही देणार नव्हते. गाईडने वाकून तिच्याकडे पाहिलं आणि कानटोपी तेवढी हातात राहू दिली. मग घळीच्या तोंडाशी ती बाई क्षणभर थांबली, कातळावर हात ठेवून तिच्या भाषेत काहीतरी पुटपुटली, आणि आम्ही आत गेलो.

खोटं कशाला सांगू, आत गेल्यावर मी सगळं विसरले. वळत वळत गेलेल्या त्या भिंती, दोरीवर लुगडं वाळत घातल्यावर वाऱ्याने जसं फुगतं तशा. कुठे जांभळ्या, कुठे पिवळ्या, वर आभाळाची बारीक चिरी. पुराचं पाणी या फटीतून वाहून वाहून ही घळ झाली, आमची आजी इथे मेंढ्या चारायची, असं ती बाई सांगत होती. देवेश मला मराठीतून सांगत होता. पण माझं लक्ष होतं घड्याळाकडे. आणि आभा माझा हात ओढत पुढे. प्रत्येक वळणाला ती माझा हात सोडायची, धावत जाऊन डोकावायची, परत यायची. मध्येच एखाद्या म्हाताऱ्या बाईच्या पुढे जाऊन तिच्या तोंडाकडे बघायची. मला वाटलं, लपाछपी खेळते आहे. मी हसत होते.

झोत पडायची जागा आली. गाईड एकेका कुटुंबाला दोन दोन मिनिटं उभं करत होती आणि फोटोही तीच काढत होती. आमची वेळ आली. मी आभाला कडेवर घेतलं, पदर सारखा केला, तुम्ही ज्या बाजूला उभ्या होतात त्याच बाजूला उभी राहिले आणि तिला म्हटलं, वर बघ. ती बघेना. अंग टाकून मागे वळत होती. मी तिची हनुवटी धरून वर केली. जोरात धरली, मालूताई. फोटो निघाला. मी वर बघते आहे, घरी आरशासमोर ठरवून ठेवलं होतं तशी, आणि पोरीचं तोंड मागच्या अंधाराकडे. परतीच्या वाटेवर व्हॅन पेट्रोलला थांबली तेव्हा मी तो स्टेटसला टाकला. तुम्ही पाहिलात का, हे दर दहा मिनिटांनी उघडून बघत होते. तुम्ही हात जोडल्याचं चित्र पाठवलंत आणि लिहिलंत, छान दिसताय विहीणबाई. पण ते टाकायच्या आधी जे झालं ते तुम्हाला माहीत नाही.

घळ संपते तिथे बाहेर पडायला लोखंडी जिना आहे. आत आलेल्याने पुन्हा मागे फिरायचं नाही असा नियम आहे. जिन्याशी आलो आणि आभा वाळूत खाली बसली. देवेश म्हणाला, चल बेटा, संपलं. ती म्हणाली, "आय कुठं हाय?" देवेशला वाटलं, तिला तुमची आठवण आली. म्हणाला, आय घरी आहे, विचुंब्याला. तिने मान हलवली. म्हणाली, "नाय. आय इथं हाय. आपण तिला इथंच ठेवून गेलो. म्हणून ती येत नाय." कानटोपी तिने छातीशी धरली होती. मालूताई, तिने आपल्या चिमुकल्या डोक्याने सगळं जुळवलं होतं. फोटोत तुम्ही त्या घळीत होतात. त्यानंतर आठ दिवसांत तुम्ही घरातून नाहीशा झालात. मी सांगितलं की तुम्ही आता येणार नाही. म्हणजे तुम्ही तिथेच राहिलात, थंडीत उभ्या, आणि कुणी आणायला गेलं नाही. दीड महिना ती हे एकटीच मनात घेऊन फिरत होती. माझ्याजवळ बोलली नाही, कारण मीच ते सांगितलं होतं. काय झालं, असं गाईडने देवेशला विचारलं. त्याने कसंबसं सांगितलं. ती बाई हसली नाही. गटाला थांबायला सांगून एकटी मागे गेली, वळणापलीकडे दिसेनाशी झाली, खरोखर बघून आली, आणि आभासमोर गुडघ्यावर बसून म्हणाली, आत कुणीही राहिलेलं नाही, मी बघितलं. एका परक्या बाईवर माझ्या नातीने विश्वास ठेवला आणि तिचा हात धरून जिना चढली.

देवेश माझ्याकडे वळला. म्हणाला, आई, आय येणार नाही असं हिला कोणी सांगितलं? त्या क्षणी खरं बोलले असते तर हे पत्र लिहायची वेळ आली नसती. मी म्हटलं, मला काय माहीत. मालूताई निघताना काहीतरी बोलल्या असतील, त्यांना कुठे काय बोलावं ते कळत नाही. हे शब्द मी उच्चारले, जसेच्या तसे लिहिते आहे. पुढचं तुम्ही भोगलंत. देवेशने मितालीला सांगितलं, मितालीने तुम्हाला फोन करून विचारलं की लेकराला असं का घाबरवलंस. आणि तुम्ही काय केलंत? मी नाही बोलले, असं ठणकावून सांगायचं सोडून म्हणालात, "असंल. बोलले असंन." त्या दिवसापासून मायलेकींचं बोलणं तुटक झालं, चार महिने झाले. मी तिथेच होते, रोज बघत होते, आणि पानात वाढलेलं जेवत होते. ऑक्टोबरमध्ये मी परत आले तेव्हा तुम्ही भेटायला आलात आणि हळूच विचारलंत, "बाय, पोरीला मी काय बोलले असंन? मना काय आठवत नाय." मी म्हटलं, जाऊ द्या हो. मग तुमचे यजमान, कमळाकरभाऊ, स्टेशनजवळच्या मेडिकलमध्ये भेटले आणि म्हणाले की हिला विसरायला होतं असं ती म्हणते, डोक्याच्या डॉक्टरला दाखवून आलो, ते म्हणतात काही नाही, पण तिला पटत नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा रिक्षात बसले. आणि मागे फिरले.

परवा रविवारी तुम्ही आमच्याकडे ते मोठं बोचकं घेऊन आलात. धुऊन मऊ केलेली दुपटी, डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, घरी काढलेलं तेल. मी न्यावं म्हणून. माझ्या सोफ्यावरची उशी मांडीवर घेतलीत आणि नवं बाळ कसं धरायचं, पाठीला हात कसा फिरवायचा, ते मला अर्धा तास दाखवलंत. मग माझे हात हातात घेऊन म्हणालात, तुमचे हात गार हायेत, आधी चोळून घ्या, पोर दचकंल. काही हातचं न राखता तुम्ही मला सगळं दिलंत, आणि ज्या गोष्टीने तुमची झोप उडाली आहे ती मी दोन वाक्यांत मिटवू शकले असते, ती मी तेव्हाही मिटवली नाही. ती आता मिटवते. आभाला तुम्ही काहीही बोलला नव्हतात. मी बोलले. तुमचं डोकं शाबूत आहे, तुम्ही काही विसरलेल्या नाही. आज सकाळी सातला मी मितालीला फोन करून हे सगळं सांगितलं, देवेश शेजारीच होता. मितालीने ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. दोन तासांनी देवेशचा निरोप आला, तुझं तिकीट रद्द करतो, आयचं काढतो. मीच तसं सांगितलं होतं, पण वाचून वाईट वाटलं. माझा हेवा गेला म्हणून मी तुम्हाला जायला सांगते आहे असं समजू नका. तो आहे तिथेच आहे, त्या बाळाने आधी तुमच्याकडे बघितल्याचं कळेल तेव्हा मी इथे जेवणार नाही. तरी तुम्हीच जा. माझे यजमान हे पत्र आणि बोचकं दोन्ही घेऊन येत आहेत, आत काय लिहिलं आहे ते त्यांना ठाऊक नाही. आज संध्याकाळी साडेसातला मितालीचा फोन येईल, तिकडे सकाळचे सात वाजलेले असतील आणि आभा तिच्या मांडीवर असेल. घरात गडबड असली तर अंगणात जाऊन बोला, पण फोन उचला. तुम्ही येणार आहात हे तिला तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून तिला ते आता खरं वाटणार नाही.

तुमचीच,
सुमती